शंकापेटी: बल्ब करंट खातो का, सुई का वळते, मोटर का फिरत नाही

या वेळी आलेल्या शंका बघितल्या तर जवळपास सगळ्या वीज आणि चुंबकाच्याच आहेत. साहजिक आहे, आठवीपासून दहावीपर्यंत हा विषय मुलांच्या मागे असतो आणि दहावीत तर विद्युतधारेचे परिणाम हा धडा चांगले मार्क घेऊन येतो किंवा घेऊन जातो. मला स्वतःला असं वाटतं की बऱ्याच गोंधळाचं मूळ एकच आहे. मुलं सर्किट तुकड्यातुकड्यात बघतात, सेल वेगळा, वायर वेगळी, बल्ब वेगळा, आणि मग करंट इथून निघाला, तिथे पोचला, संपला अशी गोष्ट डोक्यात तयार होते. पूर्ण सर्किट एकदम बघायची सवय लागली की पुष्कळ शंका विचारायच्या आधीच सुटतात, म्हणून खालच्या उत्तरांत मी परत परत तिथेच येणार आहे.

प्रश्न: नमस्कार मॅडम, माझा मुलगा आठवीत आहे. तो विचारतो, करंट सेलमधून निघून बल्बमधून फिरून परत सेलमध्येच येतो तर मग सेल उतरतो कसा? क्लासमध्ये त्याला सांगितलं की बल्ब करंट वापरतो. हे बरोबर आहे का? – एक पालक, सांगली

तुमच्या मुलाला आधी शाबासकी द्या, कारण धडा पाठ करणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही, विचार करणाऱ्यालाच पडतो. बल्ब करंट वापरतो हे चूक आहे. बल्बच्या आधी एक अँमीटर लावा आणि बल्बच्या नंतर एक लावा, दोन्हीवर आकडा सारखाच येतो. अँमीटर नसेल तर टॉर्चचे दोन अगदी सारखे बल्ब एकामागे एक जोडा, दोन्ही सारखेच पेटतात. पहिला बल्ब करंट खात असता तर दुसऱ्याला कमी मिळाला असता आणि तो मंद दिसला असता. मुलगा म्हणेल सेल उलटा करून बघू, तर करू दे, तरी काही फरक पडत नाही.

मग संपतं काय? सायकल डोळ्यासमोर आणा. पायडल मारलं की सगळी साखळी एकदम फिरते, मागच्या चाकाला जोर मिळतो, पण साखळीची एकही कडी खर्च होत नाही, दमतात ते पाय. सर्किटमधले इलेक्ट्रॉन म्हणजे त्या कड्या, ते आधीपासूनच सगळ्या तारेत भरलेले असतात, सेल ते तयार करत नाही. सेल फक्त त्यांना ढकलतो आणि ढकलायला लागणारी ऊर्जा आतल्या रासायनिक क्रियेतून येते. साध्या सेलचं बाहेरचं डबडं जस्ताचं असतं, सेल वापरात असताना ते जस्त हळूहळू खर्च होत जातं, म्हणून तर जुना सेल कधीकधी फुटून पाझरतो आणि रिमोटची वाट लावतो.

आता सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं त्याचा अर्थ मुलाला याच ओघात सांगून टाका. प्रत्येक कुलोम प्रभार सर्किटमधून एक फेरी मारतो तेव्हा सेल त्याला १.५ ज्यूल ऊर्जा देतो. टॉर्चच्या बल्बमधून ०.३ अँपिअर करंट वाहत असेल तर सेकंदाला ०.३ कुलोम जातात, म्हणजे सेकंदाला ०.४५ ज्यूल ऊर्जा उष्णता आणि उजेड होऊन बाहेर पडते. प्रभार तितकाच परत येतो, ऊर्जा मात्र देऊन येतो. अँपिअर म्हणजे किती प्रभार चाललाय आणि व्होल्ट म्हणजे प्रत्येक कुलोममागे किती ऊर्जा दिली जातेय, हे दोन वेगळे झाले की आठवी-नववीचं अर्धं काम झालं समजा. आणि व्होल्टेज कुठल्याही एका जागेचं नसतं, दोन जागांमधलं असतं, हे त्याला आत्ताच कानावर घाला. उघड्या तारेवर बसलेल्या कावळ्याला शॉक बसत नाही ते याच कारणाने, त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि त्या दोन पायांमध्ये विभवांतर जवळपास शून्य असतं.

प्रश्न: ताई, बटन दाबलं की लाइट लगेच लागते म्हणजे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने पळतात का? – नववीतला विद्यार्थी, परभणी

नाही रे, इलेक्ट्रॉन अगदी रांगतात. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर करंट जात असेल तर इलेक्ट्रॉनांचा पुढे सरकायचा सरासरी वेग सेकंदाला साधारण ०.०७ मिलिमीटर येतो. तासाला पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर. बोर्डापासून पंख्यापर्यंत पोचायला त्याला एक दिवस सहज लागेल. तरी लाइट लगेच लागते कारण बल्बमधले इलेक्ट्रॉन बल्बमध्येच असतात, बटन दाबल्यावर तारेत जे विद्युत क्षेत्र तयार होतं ते मात्र प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने पसरतं आणि सगळीकडचे इलेक्ट्रॉन जवळपास एकदमच हलायला लागतात. वरच्या उत्तरातली साखळी परत वाच. आणि आपल्या घरातली वीज तर एसी आहे, म्हणजे दिशा सतत उलटसुलट होणारी, ५० हर्ट्झ, त्यात इलेक्ट्रॉन पुढे जातच नाहीत, जागच्या जागी पुढेमागे होतात आणि ते सुद्धा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा कमी.

प्रश्न: ताई, सराव पेपरमध्ये विचारलं होतं की ४० वॉट आणि १०० वॉटचे दोन बल्ब एकसर जोडले तर कुठला जास्त प्रकाश देईल. मी १०० लिहिलं, चूक दिलं. असं कसं? – दहावीतली विद्यार्थिनी, बारामती

कारण बल्बवर लिहिलेले वॉट हे त्याला पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तरच खरे असतात. एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडणीत दोघांना मिळून २३० व्होल्ट मिळतात, प्रत्येकाला वेगळे नाही. मग न बदलणारी गोष्ट कुठली ते शोध, ती म्हणजे रोध, निदान पेपरपुरता तरी तो आपण तसाच धरतो. P = V²/R वरून ४० वॉटच्या बल्बचा रोध २३० × २३० भागिले ४०, म्हणजे साधारण १३२२ ओहम, आणि १०० वॉटच्याचा ५२९ ओहम. जास्त वॉट, कमी रोध, इथेच सगळे घसरतात.

एकसर जोडणीत दोघांतून करंट एकच जातो. एकूण रोध १८५१ ओहम, करंट साधारण ०.१२४ अँपिअर. आता I²R काढ, ४० वॉटवाल्याला वीसेक वॉट मिळतात आणि १०० वॉटवाल्याला आठच्या आसपास. म्हणून छोटा जास्त उजळतो. प्रत्यक्षात फरक याहून जास्त दिसतो कारण फिलामेंट गार असली की तिचा रोध कमी असतो, मोठ्या बल्बची फिलामेंट नीट तापतच नाही, त्याचा रोध आणखी खाली येतो आणि तो जवळपास काळाच राहतो. हे सगळं जुन्या पिवळ्या बल्बचं आहे हं, एलईडी बल्बच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्याला हे गणित लागू नाही. आणि घरच्या २३० व्होल्टवर करून बघू नकोस, शाळेत सरांना ६ व्होल्टवर दोन वेगळ्या वॉटचे स्कूटरचे बल्ब लावून दाखवायला सांग.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. ओर्स्टेडचा प्रयोग करून दाखवतो पण कंपासची सुई कधी वळते, कधी ढिम्म हलत नाही. मुलं म्हणतात सर राहू द्या. काय चुकत असेल? – एक शिक्षक, नंदुरबार

सर, राहू देऊ नका, हा प्रयोग जमलाच पाहिजे, कारण १८२० साली ओर्स्टेडने कोपनहेगनमध्ये करंट जाणाऱ्या तारेजवळ कंपासची सुई वळते हे जाहीर करेपर्यंत वीज आणि चुंबक या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जात होत्या आणि मुलांच्या डोक्यातही त्या आज वेगळ्याच आहेत. सुई वळलेली डोळ्यांनी बघितली की मग उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम पाठ करायची वेळ येत नाही.

माझा अंदाज आहे की तार कुठल्या दिशेला धरली जातेय ते बघितलं जात नसेल. तार सुईच्या बरोबर वर आणि सुईला समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण पाहिजे. तार पूर्व-पश्चिम धरली तर तिचं चुंबकीय क्षेत्र सुईच्या जागी उत्तर-दक्षिण दिशेनेच येतं, मग सुई एकतर तशीच उभी राहते किंवा करंट जास्त असेल तर एकदम उलटी फिरते, आणि बघणाऱ्याला वाटतं प्रयोग लहरी आहे. म्हणून आधी कंपास टेबलावर ठेवा, सुई शांत होऊ द्या, तार तिच्या डोक्यावर तिच्याच रेषेत ताणून धरा, आणि मगच सेल जोडा. सुई वळली की सेलची टोकं बदला, सुई दुसऱ्या बाजूला जाईल. मग तीच तार कंपासच्या खालून घ्या, परत उलट. वरून एकीकडे आणि खालून दुसरीकडे, म्हणजे क्षेत्र तारेभोवती गोल फिरतंय, हे मुलं स्वतःच सांगतात, तुम्ही फक्त विचारायचं.

दुसरं म्हणजे आकडे. तारेतून १ अँपिअर करंट असेल तर १ सेंटिमीटरवर तिचं क्षेत्र २० मायक्रोटेस्ला येतं. आपल्या महाराष्ट्रात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग साधारण ३८ मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे सुई पंचवीस-तीस अंश वळायला पाहिजे, मागच्या बाकावरून दिसेल इतकी. पण सर्किटमध्ये बल्ब ठेवला तर करंट ०.२-०.३ अँपिअरवर येतो आणि सुई जेमतेम हलते. त्यामुळे इथे बल्ब काढून टॉर्चचा नवा मोठा सेल थेट तारेला लावा, पण दोन-तीन सेकंदच, हे शॉर्ट सर्किटच आहे, तार आणि सेल दोन्ही तापतात. आणि टेबल लोखंडी नको, मोबाइल खिशात ठेवून कंपासवर वाकू नका, मोबाइलच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं.

मुलांना यासोबत एक गोष्ट जरूर सांगा, आपल्या इथलीच आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. मग मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामच्या तारांतून आणि रुळांतून जाणाऱ्या करंटचं चुंबकीय क्षेत्र वेधशाळेच्या नाजूक सुयांना हलवणार हे उघड होतं, म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी पुढाकार घेतला आणि १९०४ मध्ये हे काम समुद्रापलीकडे अलिबागला नेलं. तिथली इमारत बांधताना चुंबकीय नसलेलंच साहित्य वापरलं. विजेच्या ट्राम १९०७ मध्ये धावायला लागल्या, तोवर अलिबागचं काम सुरू झालेलं होतं, त्यामुळे नोंदींची साखळी तुटली नाही. आजही अलिबागला भारतीय भूचुंबकत्व संस्थेमार्फत या नोंदी चालू आहेत. तुमच्या वर्गात एका सेलवर सुई वळते तोच परिणाम एवढ्या मोठ्या निर्णयामागे होता, हे ऐकल्यावर मुलांचे चेहरे बघा.

प्रश्न: मॅडम, मुलीला विज्ञान प्रदर्शनासाठी छोटी मोटर करायची आहे, सेल, दोन सेफ्टी पिना, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि चुंबक. सगळं जोडलं पण वेटोळं नुसतं थरथरतं, फिरत नाही. प्रदर्शन जवळ आलंय. – एक आई, चिंचवड

थरथरतंय ना, मग काम नव्वद टक्के झालंय, काळजी करू नका. नुसतं थरथरत असेल तर बहुतेक वेळा दोष तारेची टोकं घासण्यात असतो.

ही तार दिसायला उघडं तांबं दिसते पण तिच्यावर एनॅमलचा पातळ थर असतो आणि त्यातून करंट जात नाही. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते ती हीच, मागितली तर तुकडा असाच देतात. टॉर्चच्या मोठ्या सेलभोवती दहा-पंधरा वेढे द्यायचे, वेटोळं काढून घ्यायचं, दोन टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढायची आणि तीच टोकं दोन वेढे मारून वेटोळ्याला घट्ट बांधायची म्हणजे ते सुटत नाही. आता मुख्य काम. एक टोक ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने चारी बाजूंनी पूर्ण घासायचं, तांबं चकचकीत दिसेपर्यंत. दुसरं टोक फक्त अर्धं घासायचं. ते कसं, तर वेटोळं टेबलाच्या कडेशी उभं धरायचं, टोक टेबलावर आडवं टेकवायचं आणि फक्त वरची बाजू घासायची, टोक अजिबात फिरवायचं नाही. खालच्या अर्ध्या बाजूला लालसर एनॅमल तसाच राहिला पाहिजे. मुलीला भिंगातून बघायला सांगा, अर्धी तार चमकते आणि अर्धी काळपट दिसते. ब्लेड मात्र तुम्ही धरा.

हे अर्धं कशासाठी ते तिला कळलंच पाहिजे, परीक्षक नेमकं तेच विचारतात. करंट जाणारं वेटोळं चुंबकाच्या क्षेत्रात असलं की त्याच्या एका बाजूवर एका दिशेने आणि समोरच्या बाजूवर उलट दिशेने बल लागतं, त्यामुळे ते वळतं. पण अर्धा फेरा झाला की बाजूंची अदलाबदल होते आणि आता तेच बल त्याला मागे ओढतं. दोन्ही टोकं पूर्ण घासली असतील तर वेटोळं एकदा पुढे, एकदा मागे, तुमच्याकडे चाललंय तसंच. एक टोक अर्धं घासलं की त्या नको असलेल्या अर्ध्या फेऱ्यात पिनेला एनॅमल टेकतो, करंट बंद होतो, वेटोळं आपल्या वेगाने पुढे जातं आणि परत तांबं टेकलं की पुढचा धक्का मिळतो. पुस्तकातल्या विद्युत चलित्रात, म्हणजे मोटरमध्ये, दुभंगलेली कडी असते ती याच्या पुढची पायरी आहे, ती करंट बंद न करता उलटाच करते, म्हणजे दोन्ही अर्ध्या फेऱ्यांत धक्का मिळतो. तिने हे आपल्या शब्दांत सांगितलं तर चार्टवर काही लिहायचीही गरज नाही.

तरी फिरली नाही तर वेटोळं पिनांमध्ये ठेवून सेल न लावता बोटाने फिरवून बघा, दरवेळी एकच बाजू खाली येऊन थांबत असेल तर तोल गेलाय, टोकं मधोमध आणा. पिनांवर गंज किंवा रंग असेल तर घासा. चुंबक वेटोळ्याच्या जितकं जवळ ठेवता येईल तितकं ठेवा, फुटक्या स्पीकरचं चुंबक छान चालतं. सुरुवातीला बोटाने एक हलकी टिचकी द्यावी लागते, तो काही दोष नाही. आणि प्रदर्शनात मोटर सतत चालू ठेवू नका, यात करंट बराच जातो, वीसेक सेकंद दाखवायची आणि सेल काढून ठेवायचा, दोन नवे सेल पिशवीत असू द्या.

प्रश्न: मुलगा प्रयोगाच्या नादात घरातल्या प्लगमध्ये वायरी घालायला लागलाय. नवरा म्हणतो अर्थिंग आहे, काही होत नाही. – एक आई, डोंबिवली

आजच थांबवा. अर्थिंगचं काम वेगळं आहे. फ्रिजच्या किंवा मिक्सरच्या आत फेजची वायर सुटून धातूच्या बॉडीला लागली तर करंट अर्थच्या तारेने जमिनीत जातो, तो एकदम वाढतो आणि एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की वीज तोडणारा स्विच, पडतो, म्हणून तर तीन पिनांपैकी ती पिन लांब आणि जाड असते, आत जाताना आधी जोडली जाते आणि बाहेर येताना शेवटी सुटते. पण मुलाने थेट फेजच्या वायरीला हात लावला तर करंट त्याच्या अंगातून जाणार, त्याला अर्थिंग वाचवत नाही आणि साधा एमसीबीही पडत नाही कारण तो अँपिअरमध्ये पडतो, आणि माणसाच्या जिवाला मिलिअँपिअर पुरतात. त्यासाठी आरसीसीबी लागतो, थोडासा करंट बाहेर गळाला तरी वीज तोडणारा स्विच, घरगुती वापराचा ३० मिलिअँपिअरला पडणारा. नसेल तर वायरमनकडून बसवून घ्या आणि त्यावरचं टेस्टचं बटन महिन्यातून एकदा दाबून बघा.

मुलाचे प्रयोग बंद करू नका, त्याला सेलची पेटी करून द्या, १.५ व्होल्टचे चार सेल, होल्डर, एलईडी, स्विच. स्वस्तातला चार्जर कापून त्याच्या वायरी वापरू देऊ नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही हात लावू देऊ नका, १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून मुलं बिनधास्त होतात पण पाना पडून दोन टोकं जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि भाजतं. मोबाइलची जुनी बॅटरी पेट घेते, तीही नको.

प्रश्न: ताई, आम्ही सहलीला कोयनेला गेलो होतो. पाण्याने टर्बाइन फिरतं हे कळलं पण फिरण्यातून वीज कशी येते? आणि डावा हात कधी, उजवा हात कधी? – दहावीतला विद्यार्थी, चिपळूण

कोयना बघितलीस म्हणजे १९६० मेगावॉटचा प्रकल्प बघितलास, महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जलविद्युत प्रकल्प. त्याच्या पोटातलं तत्त्व फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलं. तारेच्या वेटोळ्यात चुंबक नुसतं ठेवलं तर काहीच होत नाही, हलवलं की गॅल्व्हॅनोमीटरचा काटा हलतो, थांबवलं की काटा शून्यावर. वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं पाहिजे, बदल जितका भराभर तितकं विभवांतर जास्त. जनित्रात चुंबक किंवा वेटोळं सतत फिरतं म्हणून बदल सतत चालू राहतो आणि दिशा उलटसुलट होत राहते, तीच आपली एसी. आणि मोठ्या जनित्रात चुंबकाचे पुष्कळ ध्रुव असतात, २० ध्रुव असतील तर ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३०० फेरे पुरतात.

पाण्याचा जोर का लागतो, नुसतं एकदा फिरवून दिलं तर चालत नाही का, हेही विचारायला हवं होतंस. डायनामो असलेली जुनी सायकल कुणाकडे असेल तर चाक उचलून हाताने फिरव. डायनामो चाकाला टेकलेला असू दे पण दिव्याची वायर काढून ठेव, चाक जरा घासत फिरतं. आता वायर जोड, दिवा लागतो आणि चाक एकदम जड होतं. करंट वाहायला लागला की तो स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि फिरण्याला विरोध करतो, हा लेन्झचा नियम. गावात संध्याकाळी सगळ्यांनी लाइट लावल्या की पॉवरहाऊसमधलं जनित्र असंच जड होतं आणि टर्बाइनला जास्त पाणी सोडावं लागतं.

आता हात, म्हणजे फ्लेमिंगचे दोन नियम. करंट तू दिलास आणि हालचाल हवी आहे तर डावा, म्हणजे मोटर. हालचाल तू दिलीस आणि करंटची दिशा हवी आहे तर उजवा, म्हणजे जनित्र. दोन्हीत तर्जनी चुंबकीय क्षेत्राकडे, मधलं बोट करंटकडे, अंगठा हालचालीकडे, बोटं एकमेकांना काटकोनात. सरळ तारेभोवतीचं क्षेत्र विचारलं असेल तर ते निराळं, तिथे उजव्या हाताने तार मुठीत धरल्यासारखी धरायची, अंगठा करंटच्या दिशेला आणि मिटलेली बोटं क्षेत्राच्या दिशेला. पेपरमध्ये उजव्या हाताने लिहितोस तेव्हा पेन खाली ठेवूनच हे कर, पेन धरलेला हात तसाच ठेवून डाव्या हाताने उजव्याचा नियम लावणारी मुलं दरवर्षी असतात.